बाथरूमच्या कडीने उगवलेला सूड

मित्रांनो, मी एक जुनी कडी आहे, भाड्याच्या खोलीतल्या बाथरूमच्या दाराची, आतल्या बाजूची. गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा. मला सूड घ्यायचा होता आणि मी तो घेतला.

नवी होते तेव्हा एका बोटाने सरकायचे. पुढे ओलीने दार फुगलं, खाली बसलं आणि मी भोकात रुतू लागले. खोलीत शिवणकाम करणाऱ्या ताई सासूबाईंना घेऊन राहायच्या. त्यांनी घरमालकाला बोलावलं. नळ गळो, खिडकी अडो, या गृहस्थाचं औषध एकच: हातोडी! माझ्या डोक्यात ठोका घातला नि म्हणाला, "झालं!" झालं कसलं, माझा दांडा वाकला.

मग एकदा सासूबाईच, म्हणजे आमच्या आजी, आत अडकल्या. हाका मारून बिचारीचा घसा बसला. ताईंनी बाहेरून दार उचलून धरलं, तेव्हा कुठे मी सुटले. त्या दिवसापासून आजी दार उघडं ठेवून, अंग चोरून आंघोळ करू लागल्या. या वयात ही लाज! माझा नुसता तिळपापड झाला.

ताईंनी पुन्हा सांगितलं. मालक तणतणतच आला.

"ताई, रोज तुमचं नवं रडगाणं! कडी उत्तम आहे, तुम्हालाच लावता येत नाही. पटत नसेल तर दुसरी खोली बघा. थांबा, दाखवतोच."

आणि शहाणा आत शिरला, दार लोटलं, मला सरकवलं. आला की नाही तावडीत? मी भोकात घट्ट बसले. त्याने ओढलं, हिसडलं, मग हातोडी घातली. मी आणखी वाकले; आता बाहेरून दार उचलूनही सुटणार नव्हते.

"ताई, दार उघडा!"

"कसं उघडू काका? कडी तुमच्याकडे आहे."

त्याचा आवाज चिरकला तशा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आजी दाराबाहेर स्टूल घेऊन बसल्या. "घाबरू नका हो," त्या म्हणाल्या, "रडू आलं तर रडा. मीही रडले होते."

शेवटी ताईंनी बोलावलेल्या सुताराने फटीतून पातं घालून मला कापलं. मालक घामाने निथळत बाहेर आला आणि 'दुसरी खोली बघा' हे विसरून सुताराला म्हणाला, "दार, कडी, सगळं नवं बसव." आजी आता दार लावून निवांत आंघोळ करतात.

मी दोन तुकडे होऊन भंगारात पडले आहे. पश्चात्ताप? छट्!

तर मित्रांनो, कडी अडते असं कुणी म्हणालं, तर वेळीच तेल घाला, स्क्रू आवळा. नाहीतर राहू द्या. आंघोळीला कधीतरी तुम्हीही आत जालच.