राखलेला तुकडा

"उद्या सकाळी टेम्पो येतोय, आबा. आज सोडा की मेंढरं त्या वरच्या तुकड्यात," दादासाहेब म्हणाला. माझा हा भाऊ बारामती एमआयडीसीतल्या डेअरीत होता. मोटारसायकल चालू ठेवूनच तो वडिलांशी बोलत होता.

मेंढरं विकायचं ठरलं होतं. आबांचे गुडघे गेले होते आणि कळपामागं हिंडायला घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं. शिवाय उसानं माळाच्या कडा खाल्ल्या होत्या. कुणी फसवलं नव्हतं, म्हणून रागवायची सोयही नव्हती.

उरलेल्या माळाचे आबांनी चार तुकडे पाडले होते. एकात मेंढरं चरायची, बाकीचे बंद. बंद तुकड्याच्या कडेनं चुना लावलेले दगड असत. आतलं गवत वाढलं की दगड हलायचे आणि मेंढरं तिकडं वळायची. लहानपणी ते दगड उचलायला मी आबांच्या मागं पळायचे. शाळेत कधी लागला नाही एवढा जीव मी त्या कामाला लावला. माहेरी आल्यावर आजही माझे पाय आधी माळाकडंच वळतात.

"गवत कवळं हाय अजून. दम धराय पायजे," आबा म्हणाले.

"आता कशाचा दम? मेंढरं तर चालली."

ज्यांच्यासाठी गवत राखलं, त्यांच्याच तोंडी ते लागणार नाही, हे आबांना सोसवेना. त्यांनी स्वतःच दगड बाजूला सारले.

मेंढरं आत घुसली. ती गवत तोडताना होणारा कुरकुर आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला.

ऊन कललं तसे आबा उठले आणि मेंढरं बाहेर काढू लागले. निम्मं गवत अजून उभं होतं.

"खाऊ द्या की पोटभर," आई कळवळून म्हणाली. "शेवटचंच हाय त्यांचं हितलं."

"मुळाला लागली असती. मग गवत परत फुटत न्हाई."

मग ते गुडघ्यावर हात टेकत वाकले आणि एकेक दगड परत जागेवर मांडू लागले. मी मदतीला गेले.

"आबा, आता कुणासाठी राखायचं?"

"मेंढरं इकली हे गवताला काय ठावं, सुकन्या?"

त्यांनी पुढचा दगड माझ्या हातात दिला. मी तो ठेवला. बोटांना चुना लागला, लहानपणी लागायचा तसाच.