तीनशे ठोके

कोष्टीपुऱ्यातल्या रामाजींचा मुलगा जागेश्वर मागावर बसला नाही, पेपरात फोटोग्राफर झाला. पण बापाच्या मागावाचून त्याचा एक फोटो निघत नसे. फिल्म औषधात घालायची ती मिट्ट काळोखात. दाराच्या फटींत गोधड्या कोंबलेल्या धान्याच्या कोठीत घड्याळ दिसणार कसं? म्हणून तो आतून हाक देई, "बाबा, घ्या!" आणि बाहेर रामाजी धोटा फेकू लागत. मागाचे तीनशे ठोके मोजले की आठ मिनिटं झाली, फिल्म काढायची. "माह्या मागाबिगर पेपर निघत नाई," असं रामाजी पानठेल्यावर छाती फुगवून सांगत, आणि खरं सांगायचं तर त्यात फारशी थाप नव्हती.

त्या उन्हाळ्यात मात्र फोटो बिघडू लागले. एकामागून एक तीन. माणसांचे चेहरे चुन्यानं सारवल्यासारखे पांढरेफटक. संपादक मनोहरराव तसे मवाळ गृहस्थ, पण तेही वैतागले. "सोमवारी धरमपेठेत मंत्र्यांच्या हस्ते वाचनालयाचं उद्घाटन आहे. तोही फोटो असाच आला, तर कॅमेरा कचेरीत जमा करा."

जागेश्वरनं घरी येऊन औषध विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्याची बायको गोपिका भाकर थापता थापता म्हणाली, "अवो, औषधाले काहून शिव्या देऊन राहिले? मामंजीच्या हाताकडं पाहा ना जरा."

शेजारच्या मास्तरांचं घड्याळ मागून आणून तो गुपचूप ओसरीच्या कोपऱ्यात बसला. तीनशे ठोक्यांना अकरा मिनिटं लागली; म्हणजे फिल्म तीन मिनिटं जास्तच औषधात राहत होती. धोटा फेकून झाला की रामाजी खांदा चोळत, श्वास घेत, मग पुढचा ठोका. अख्ख्या नागपूरची तोंडं टिपत हिंडणाऱ्या या शहाण्याला घरातला बाप म्हातारा झालेला दिसला नव्हता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"त्यायले नोका सांगू," गोपिका म्हणाली. "जीव तुटन त्यायचा." ठरलं ते असं: घड्याळ चुलीपाशी ठेवायचं आणि आठ मिनिटं झाली की तिनं पाण्याची रिकामी पितळी गुंडी खाली पाडायची. बापाला हाक मात्र नेहमीसारखीच द्यायची.

सोमवारी उद्घाटन आटोपून जागेश्वर सायकल हाणत घरी आला. "बाबा, घ्या!" दोनशे अठरावर गुंडी दणाणली. त्यानं फिल्म उचलली. बाहेर रामाजी इमानानं विणत राहिले आणि शेवटी ओरडले, "झाले गा तीनशे!"

मंगळवारच्या अंकात मंत्र्यांच्या मिशीचा केस न् केस दिसत होता. मनोहररावांनी कॅमेऱ्याचं नावही काढलं नाही. रामाजी अंक घेऊन पानठेल्यावर गेले ते जेवायलाच परतले.

बुधवारी पुन्हा फिल्म आली. जागेश्वरनं कोठीतून हाक दिली, पण माग काही सुरू होईना. मग गोधड्यांपलीकडून बापाचा आवाज आला, हळू, चुलीच्या दिशेनं.

"गोपिका, माहा हात धिमा पडला, ते मले मालूम हाय. पण गुंडी नोको पाडू वं, चेंबते बिचारी. नुसती खाकरजो. पोराले आयकू येते."

अंधारात जागेश्वरनं फिल्म औषधात सोडली. बाहेर पहिला ठोका पडला, आणि त्यानं मोजलं, एक.