गाडी चाकांवर उभी असताना

दिपेशने गाडीच्या पुढच्या चाकामागचा आर्म सोडवून अंगणात ठेवला आणि बोटाने त्यातलं रबर दाबून पाहिलं. गेल्याच महिन्यात बसवलेलं. पिळून टाकलेल्या फडक्यासारखं एका अंगाने फाटलं होतं.

"बोल्ट गाडी जॅकवर असतानाच आवळले मी," तो म्हणाला. "चाक लोंबकळत होतं. खाली टेकल्यावर रबर पिळलेलंच राहिलं. मग प्रत्येक खड्ड्यात फाटत गेलं."

"आणि दणका आईंना," त्याची बायको रिद्धी कपडे वाळत घालता घालता म्हणाली.

दवाखान्यातून कंबरेचं ऑपरेशन करून सखूबाईला आणताना पालेगावच्या उकरलेल्या रस्त्यावर गाडी अशी आदळली, की ती कळवळून ओरडली होती. तेव्हापासून ती गाडीत बसली नव्हती. रिक्षाचं तर नावच नको. आज संध्याकाळी खरवईला तिच्या लेकीच्या, विनिताच्या मुलीचं बारसं होतं. चार गावांच्या लग्नांत धवले गाणारी सखूबाई, आणि स्वतःच्या नातीचा पाळणा दुसऱ्याच बायाबापड्या म्हणणार होत्या.

ती ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. निवडून झालेलेच.

दिपेशने नवा आर्म चढवला. बोल्ट हाताने नुसते टेकवले, चाक लावलं आणि गाडी हळूच जाड फळ्यांवर उतरवली. मागच्या चाकांना दगड, खाली आधाराला लोखंडी घोडी. मग ओट्यापाशी येऊन उभा राहिला.

"आये, जरा पुढं बस ना. वजन पाहिजे."

"रिद्धीला बसव."

"ती मागं बसते. ही बाजू तुझी. तुझं वजन घेऊनच आवळतो."

"मना खेळवतंस काय रं?"

"उभ्या गाडीत बसायचंय. कुठं नेत नाय."

सूप बाजूला झालं. रिद्धीने हात धरला. सखूबाई गाडीच्या दाराशी आली आणि थबकली.

"तू गारीखाली, अन् मी वर?"

"फळ्या हायेत. घोडी हाय."

"मंग मी दमानं बसतंय." पदर सावरत, श्वास धरून ती सीटवर टेकली, जणू खाली निजलेल्या लेकराला धक्का लागू नये. रिद्धी मागे बसली. गाडी किंचित दबली.

दिपेश पाठीवर सरकत आत गेला. गाडी आता रस्त्यावर उभी असते तशीच, आपल्या पायांवर उभी होती. रबर सरळ होतं. त्याने पाना लावला आणि मागच्या वेळेसारखं अंगातलं सगळं बळ न घालता एका लयीत ओढत राहिला. ठरल्या जोराला पाना टक् वाजला. मग दुसरा बोल्ट. टक्.

मग वरून अगदी हलकं, घसा साफ करावा तसं गुणगुणणं ऐकू आलं. पाळण्याची चाल होती. शब्द अजून जुळत नव्हते.

"आई, उतरायचं ना?" रिद्धीने विचारलं.

"साडी घे माझी, हिरवी. तिकडंच बदलीन."

"अहो, बारसं संध्याकाळी आहे. आता कुठं बारा वाजतायत."

"मंग काय झालं? लेकीचं घर हाय."

दिपेश खालीच पडून राहिला. हातातला पाना त्याने छातीवर ठेवला. वरून सीटचा पट्टा ओढल्याचा आवाज आला, सुटला, पुन्हा ओढला गेला. आणि मग, पान्यापेक्षा कितीतरी हळू, टक्.

"पोरा," सखूबाईने वरून विचारलं, "झालं का तुझं?"