आयुधपूजेला बंद केलेला राउटर

म्हैसूरच्या मेटगळ्ळीतल्या पंपांच्या कारखान्यात आयुधपूजेला सगळी यंत्रं बंद करून पुजायची, असा तिरुमलरावांचा दंडक होता. त्यातून लेथ सुटला नव्हता, ऑफिसातलं झेरॉक्सचं मशीन सुटलं नव्हतं, मग कोपऱ्यातल्या राउटरनेच काय घोडं मारलं होतं? रावांनी स्वतःच्या हातांनी त्याचं बटण बंद केलं, कुंकू लावलं आणि वर शेवंती ठेवली.

"नोडी अदितीबाई, वर्षभर राबतो बिचारा. त्यालाबी स्वल्प विश्रांती नको का?"

अदिती हसली. नाशिकहून येऊन तिला वर्षही झालं नव्हतं आणि कारखान्याचं सगळं नेटवर्क तिच्या एकटीच्या गळ्यात होतं. राव इथले जुने मॅनेजर, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचे मराठी. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते, म्हणजे ही त्यांची शेवटची पूजा.

कोहळा फुटला, आरती झाली, यंत्रं पुन्हा सुरू झाली आणि पिरियापट्टणच्या गोदामातून फोन आला. तिकडचे कॉम्प्युटर कारखान्याला जोडलेच जात नव्हते. बिलं निघेनात, भरलेल्या गाड्या फाटकाशी खोळंबल्या.

अदितीने लॅपटॉप उघडला आणि चूक तिच्या लक्षात आली. राउटरची सेटिंग बदलली की लगेच लागू होते खरी, पण सेव्ह केली नाही तर वीज असेपर्यंतच टिकते. बंद करून चालू केला की तो मुकाट्याने जुनी सेटिंग उचलतो. गोदाम जोडलं तेव्हा, पावसाळ्यात, तिने सगळं बदललं होतं आणि सेव्ह करायची राहून गेली होती. यूपीएसमुळे इतके महिने राउटर बंदच झाला नाही, म्हणून झाकली मूठ राहिली.

तेवढ्यात मालकीणबाई सुप्रीता तणतणत आल्या. "कुणी बंद केला हा?"

"मी," राव म्हणाले.

"कळत नाही त्या वस्तूला हात कशाला लावता?"

चुरमुऱ्यांच्या पुड्या हातात धरून सगळे कामगार बघत उभे होते. राव त्यांच्यासमोर मान खाली घालून म्हणाले, "तप्पायतु, मॅडम. चुकलं माझं."

बोलायचं तर आत्ताच, हे अदितीला पक्कं कळत होतं. ती कीबोर्डवर वाकली. तिने सेटिंग नव्याने घातली, या वेळी सेव्हही केली. गोदाम जोडलं गेलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी तिला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती तडक सुप्रीताबाईंच्या केबिनमध्ये गेली. "मॅडम, सेटिंग मीच सेव्ह केली नव्हती. रावांचा काही दोष नाही."

बाईंनी दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "हे आणखी कुणाला सांगू नका. राव तर चाललेच आहेत. तुम्हाला इथं राहायचंय, अल्लवा?"

अदितीला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचीच तिला किळस आली. रावांना तरी सांगायचंच, असं ठरवून ती बाहेर आली.

ऑफिस रिकामं झालं होतं. राव निघण्याच्या तयारीत दाराशी उभे होते. त्यांचा हात दिव्याच्या बटणापर्यंत गेला आणि मागे आला.

"अदितीबाई," त्यांनी विचारलं, "हा दिवा बंद केला तर चालेल का? काही होत नाही ना?"

ती सांगायला पुढे झाली.

"करा, राव," एवढंच ती म्हणाली.