‘झालंच समजा’ आणि खिळ्यावरचा टाय

मित्रांनो, आधी हसून घ्या. मी एक टाय आहे. जुना, गडद निळा, टोकाशी विरलेला. नोकऱ्या लावून देणाऱ्या एका ऑफिसात दारामागच्या खिळ्यावर माझं आयुष्य गेलं. शेजारच्या खिळ्यावर एक काड्या मोडलेली छत्री असते. ती मोडकी आहे हे बघणाऱ्याला लांबूनच कळतं, म्हणून तिच्या भरवशावर कुणी पावसात जात नाही. या ऑफिसाचं तसं नाही.

जन्माची हकिगत थोडक्यात सांगतो. एका मागावर मी विणला गेलो. एका बाईने मला आतून अस्तर लावलं. ती काम करताना सारखी जांभया देत होती, पण टाका एकही चुकला नाही. मग काही दिवस दुकानाच्या काचेमागे रुबाबात लटकलो आणि तिथून मला थोरल्या साहेबांनी उचललं.

थोरले साहेब हे या ऑफिसाचे मूळ मालक. कंपन्यांना माणसं हवी असत, माणसांना नोकऱ्या हव्या असत, आणि हे दोघांच्या मधे बसत. समोर आलेल्या प्रत्येकाला ते पहिल्याच भेटीत सांगत, "हे बघा, मी मीठ खातो कंपनीचं. माणूस मिळाला की मोबदला तीच देते. तुमचा मी नुसता निरोप्या. तेव्हा माझ्यावर विसंबून घरी बसू नका, स्वतःही चार दारं ठोठावा." आणि कुठेही नाव कळवण्याआधी ते विचारत, "तिकडे तुमचं नाव टाकू का? तुम्ही आधी टाकलंय का?" समोरचा नको म्हणाला की विषय संपला. मग कंपनीचा साहेब फोनवर कितीही गोड बोलो.

मुलाखतीला जाताना ज्यांच्याकडे धड टाय नसे, त्यांच्यासाठी त्यांनी मला घेतलं होतं. पण नुसता गळ्यात घालून देत नसत. आरशासमोर उभं करत आणि गाठ शिकवत. "तुमची तुम्ही मारा हो. तिथे मी येणार आहे का?" म्हणत. माणूस तीनदा चुके, चौथ्यांदा जमे, आणि आरशात बघून जरा ताठ उभा राही. दर गळ्याला नवी गाठ. ते माझे चांगले दिवस होते, मित्रांनो.

पुढे साहेबांचे हात थरथरू लागले. शेवटच्या दिवशी त्यांनी एका घाबरलेल्या पोराच्या गळ्यात स्वतःच गाठ मारून दिली, कारण त्या पोराचे हात त्यांच्याहून जास्त थरथरत होते. त्याने मला परत आणलं ते गाठ सैल करून, डोक्यावरून काढून. तोवर साहेब घरी बसले होते आणि खुर्चीत त्यांचा जावई बसला होता.

या जावयाला मी मनातल्या मनात समजासाहेब म्हणतो. दर वाक्याच्या शेवटी त्याचं एकच पालुपद, "झालंच समजा!" तुमचा बायोडेटा पोचला? पोचलाच समजा. मुलाखत? ठरलीच समजा. नोकरी? अहो, लागलीच समजा! वर्षानुवर्षं ऐकल्यावर माझ्यासारख्या चिंधीच्याही ध्यानात आलं, की हा गृहस्थ ‘झालं’ असं कधीच म्हणत नाही. समजायचं काम तो तुमच्यावर टाकतो. उद्या काही झालं नाही, तर तुम्हीच चुकीचं समजलात.

आणि हो, त्याच्या स्वतःच्या गळ्यात काय असतं, माहीत आहे? इलॅस्टिकचा टाय! कारखान्यातून गाठ मारूनच आलेला, कॉलरखाली अडकवायचा. तो बघितला की माझ्या अस्तराला कापरं भरतं. आम्हा टायांच्या जातीत याहून हलकं काही नाही.

माझी ती शेवटची गाठ त्याने कधी सोडलीच नाही. सैल करायची, पुढच्याच्या डोक्यातून घालायची, आवळायची. कामच झटपट! किती जणांच्या मानेचा घाम माझ्यात जिरला, पण एकदा पाण्यात बुचकळून काढावं हे त्याला सुचलं नाही. माझी तीच तऱ्हा आणि येणाऱ्या माणसांचीही तीच. विचारायचं नाही, सोडवायचं नाही, नुसतं एकाच्या गळ्यातून काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं.

अशात एके दिवशी लिफ्टवाला आला.

लिफ्टची देखभाल करण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. कंपनी बंद पडली आणि हा घरी बसला. बरोबर त्याचा मेहुणा होता, बायकोचा भाऊ. स्वतःची नोकरी शाबूत असणाऱ्या माणसाकडे जगाला देण्यासाठी भरपूर सल्ले असतात, तसा हा. "दाजी, नुसत्या अर्जाने काय होतंय? मधे माणूस लागतो," असं म्हणत त्याने लिफ्टवाल्याला खुर्चीत बसवलं.

लिफ्टवाला मात्र सरळ बोलला. "साहेब, आमच्या गल्लीला लागूनच मोठं हॉस्पिटल आहे. तिथे लिफ्टचा प्रमुख हवाय. मी स्वतः अर्ज दिलाय, ते बोलावतो म्हणालेत. तेवढं सोडून दुसरीकडे कुठे असलं तर बघा. पण शक्यतो जवळपास. वडील अंथरुणाला आहेत, एक अंग लुळं पडलंय. माझ्या हातूनच जेवतात. दुसऱ्या कुणी घास पुढे केला तर तोंड मिटून घेतात."

समजासाहेब तोवर फोनवर बोटं फिरवत होता. त्याच्या कानात ‘हॉस्पिटल’ आणि ‘लिफ्ट’ एवढंच शिरलं. "अरे वा! तुमच्यासारखी माणसं तर शोधून सापडत नाहीत. झालंच समजा!" म्हणाला. मेहुणा असा खूश झाला, जणू नोकरी त्यालाच लागली.

ते दोघं गेले आणि समजासाहेब कामाला लागला. त्याची कामाची रीत सांगतो. बायोडेटा आला की आधी त्यावरचा माणसाचा फोन नंबर खोडायचा आणि स्वतःचा टाकायचा. म्हणजे कंपनीला त्या माणसाशी बोलायचं असलं तरी याच्या दारातून जावं लागावं. मग तो कागद जिकडेतिकडे पाठवायचा. विचारायचं कुणाला? ज्याचा कागद, त्याला? छे! तो बिचारा घरी बसून समजत असतो.

काही दिवसांनी लिफ्टवाल्याला बोलावणं गेलं. "उद्या मुलाखत. हॉस्पिटलात!"

लिफ्टवाला गोंधळला. "पण तिथे तर मी स्वतःच..."

"तुमच्या अर्जाला कोण विचारतं हो? माझ्या शब्दाशिवाय तिथे पान हलत नाही. हा टाय घाला, हसतमुख राहा, आणि जास्त बोलू नका. झालंच समजा!" असं म्हणून त्याने मला त्याच्या डोक्यातून घातलं.

मी त्या संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, खिडकीशी पलंग, पलंगावर म्हातारे वडील. लिफ्टवाल्याने मला खुर्चीच्या पाठीवर टाकलं, हात धुतले आणि ताट घेऊन वडिलांशेजारी बसला. घास बारीक करायचा, फुंकर घालायची, मग ओठांशी न्यायचा. म्हातारा एकेक घास मन लावून खात होता आणि मधूनच चांगल्या हाताने लेकाचं मनगट धरत होता.

"हॉस्पिटलातली मिळाली ना, तर दुपारी सुट्टीत येऊन भरवून जाता येईल," लिफ्टवाला बायकोला म्हणाला. "नाही मिळाली तर लांबच्या गावाहून बोलावणं आलंय, ते काम आहेच. पण मग महिन्यातून एखादी फेरी."

"लांबचं नावच काढू नका," बायको म्हणाली. "मी भरवायला गेले तर ताट ढकलून देतात. परवा तुम्हाला यायला उशीर झाला, तर पाणीसुद्धा घेतलं नाही."

दुसऱ्या दिवशी मुलाखत झाली. खरं सांगतो, छान झाली. हॉस्पिटलचे मुख्य इंजिनिअर आणि लिफ्टवाला, दोघं थोड्याच वेळात जुने दोस्त असल्यासारखे बोलायला लागले. इंजिनिअर शेवटी म्हणाले, "मला पसंत आहे. बाई, तुमचं काय ते बघून घ्या."

बाई म्हणजे नोकरभरती बघणाऱ्या. त्यांच्यापुढे दोन कागद होते. त्यांनी दोन्ही नीट पाहिले आणि चष्मा काढला. "अहो, तुम्ही दोन दारांनी आलात."

"म्हणजे?"

"एक अर्ज तुमचा स्वतःचा. दुसरा या ऑफिसातून, ‘आमचा उमेदवार’ म्हणून. आता आम्ही तुम्हाला घेतलं की तो माणूस मोबदल्यासाठी येऊन उभा राहणार. तुम्ही स्वतः आलात म्हणून आम्ही द्यायचा नाही, आणि त्याने पाठवलंय म्हणून तो सोडायचा नाही. एकदा असंच झालं, तर प्रकरण वकिलापर्यंत गेलं. तेव्हापासून वरचा हुकूमच आहे, दोन्हीकडून आलेलं नाव बाजूला ठेवायचं."

मी गळ्याशीच होतो. लिफ्टवाला पुढे झुकला, तसा मीही टेबलाला टेकलो. "मी त्यांना सांगितलं होतं, इथे पाठवू नका म्हणून."

"मग त्यांनी आम्हाला लेखी कळवावं, की या माणसावर आमचा हक्क नाही. आज कळवलं तर मी आजच पुढचं करते," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कीव होती, पण नियम नियमाच्या जागी होता.

लिफ्टवाल्याने बाहेर येऊन फोन लावला. फोन कानाला होता आणि मी कॉलरला, तेव्हा मला सगळं ऐकू आलं.

"अहो, असं कसं लिहून देऊ? मेहनत माझी आहे!" समजासाहेब म्हणाला.

"साहेब, कसली मेहनत? मी अर्ज आधीच दिला होता. तुम्हाला तसं सांगितलं होतं. वडिलांचं सांगितलं होतं."

"तुम्ही माझ्याकडे आलात म्हणजे तुम्ही माझा माणूस झालात. धंद्याचे काही नियम असतात, दादा. मन छोटं करू नका. दुसरीकडे झालंच समजा!"

हक्क सोडला असता तर त्याच्या पदरचं काय जाणार होतं? काहीही नाही. हॉस्पिटल त्याला तसंही काही देणार नव्हतं. पण हातात आलेलं माणूस सोडायचं म्हणजे त्याच्या जिवावर येतं. स्वतःला मिळालं नाही तर नाही, याला सुखाने मिळू द्यायचं नाही. थू! टायला थुंकता येत नाही, नाहीतर मी त्याच फोनवर थुंकलो असतो.

लिफ्टवाला तसाच ऑफिसात आला. आरडाओरडा केला नाही. दारात उभं राहून एकच विचारलं, "अजून कुठेकुठे पाठवलंत माझं नाव?"

"सगळीकडे!" समजासाहेब कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला. "गावात लिफ्ट असलेली एक इमारत सोडली नाही. जाळं मोठं टाकावं लागतं."

म्हणजे कळलं ना, मित्रांनो? आता हा माणूस गावात कुठेही स्वतःच्या पायाने गेला, तरी आत त्याच्या आधी याचा कागद बसलेला असणार. एका दाराची आशा धरून आला होता, या दीडशहाण्याने सगळ्या दारांना कड्या घातल्या.

लिफ्टवाल्याने मला गळ्यातून काढलं. डोक्यावरून नाही. बोटं घालून त्याने ती जुनी गाठ सोडवली. ती इतकी घट्ट बसली होती, की सुटता सुटेना. त्याने शांतपणे, नखांनी ओढून सोडवली, मला हातावरून सरळ केलं आणि खिळ्यावर टांगलं. समजासाहेब म्हणाला, "अहो, गाठ कशाला सोडली?"

तो असं का म्हणाला, हे मला दोन दिवसांनी कळलं. एक उंचापुरा मुलगा मुलाखतीला निघाला होता. "सर, जरा गाठ मारून द्या ना," म्हणाला. समजासाहेबाने मला त्याच्या गळ्यात टाकलं. इकडून घेतलं, तिकडून घेतलं, वर ओढलं, खाली ओढलं. शेवटी बुटाच्या नाडीला मारतात तशी गाठ झाली, तीही तिरकी. मुलाने आरशात पाहिलं, समजासाहेबाच्या इलॅस्टिककडे पाहिलं, मला काढून टेबलावर ठेवलं आणि तसाच निघून गेला. बरोबर आपला बायोडेटाही घेऊन गेला. मी आयुष्यात एकदाच पोट धरून हसलो असेन, तर तेव्हा.

तेव्हापासून मी कपाटावर आहे. ज्यांना ‘झालंच समजा’ सांगून झालंय, त्यांच्या बायोडेटांचा गठ्ठा मला दोरीसारखं गुंडाळून बांधून ठेवलाय. धूळ बसते, पाली फिरतात. पण वरून ऐकू सगळं येतं.

म्हणून मेहुणा भांडायला आला तेही ऐकलं. "दाजी लांबच्या गावी गेले," तो म्हणाला. आवाजातला रुबाब पार उतरला होता. "म्हातारे दिवसभर दाराकडे बघत बसतात. ताट पुढे केलं की विचारतात, तो आला का? ताई तरी काय करणार? ती म्हणते, येतोच आहे बाबा, आलाच समजा. तेवढ्यावर दोन घास घेतात. मग पुन्हा दाराकडे बघतात. निम्मे राहिलेत हो ते!"

समजासाहेबाने कानावर हात ठेवले. "माझा काय संबंध?" म्हणाला. आणि इलॅस्टिक सारखं केलं.

मित्रांनो, मधे बसणारा प्रत्येक माणूस असा नसतो. मी थोरल्या साहेबांच्या हातातला आहे, मला माहीत आहे. लागला कुणी मधला माणूस, तर जरूर जा त्याच्याकडे. पण तो कुणाचं मीठ खातो, ते विचारा. तुम्हाला विचारल्याशिवाय नाव कुठेही टाकायचं नाही, असं त्याच्याकडून लिहून घ्या. आणि ज्या दाराशी तुम्ही स्वतः उभे आहात, तिथून त्याला लांब ठेवा. गळा तुमचा आहे, गाठ मारायला शिका.

आणि कुणी छातीठोकपणे ‘झालंच समजा’ म्हणालं ना, तर तिथल्या तिथे विचारा, "समजू कशाला? झालं की नाही, तेवढं सांगा." त्या घरात एक म्हातारा अजून समजतो आहे.