बशीतली निवड

प्रयोगशाळेचा शिपाई जलील यानं खिडकीवरच्या काळ्या कापडात शेवटचा खिळा ठोकला आणि भरदुपारी खोलीत काळोख झाला. सौदामिनीबाईंनी दार लोटलं. कडी मात्र घातली नाही.

टेबलावर काचेच्या बशीत दहा मेलेल्या अळ्या होत्या, बाईंनी आपले जिवाणू टोचलेल्या. त्या उजळल्या तर खोली बाईंची. नाहीतर सोमवारपासून इथं कोचिंगचे बाक. प्राचार्य बापूसाहेबांनी एवढी एकच संधी दिली होती.

"किती थांबायचं, बाई?" शेजारी उभ्या बापूसाहेबांनी विचारलं.

"डोळे अंधाराला सरावू द्या."

हे जिवाणू बाईंना औशाच्या मातीतल्या, सुताहून बारीक कृमींच्या पोटात सापडले होते. कृमी अळीत शिरायची आणि जिवाणूंना आत सोडायची. अळी मरायची, लाल व्हायची, अंधारात हिरवट उजळायची. दोघं तिच्यावर जगायचे, आणि निघताना कृमी त्यांना पोटात घेऊनच निघायची. किल्लारीच्या भूकंपानंतर महिनाभर खोली बंद राहिली. कृमी मेल्या. उरलेले जिवाणू बाईंनी सहा वर्षं बशीत एकटेच वाढवले. दर महिन्याला नवी बशी. त्यांचा उजेड पाहायचा मात्र राहून गेला. भूकंपानंतर दार लावून काळोखात बसणं त्यांना जमलंच नव्हतं.

"मला तर माझा हातसुद्धा दिसंना," बापूसाहेब म्हणाले.

बाईंनी बशी डोळ्यांपाशी नेली. काहीच नव्हतं.

"बाई," जलील हळूच म्हणाला, "पहिल्यानं बशीत लाल ठिपके लई असायचे. सावकाश वाढायचे. ते तुम्ही मला धुऊन टाकायला लावायच्या. फिकट होते ते भराभर वाढायचे, तेच पुढं घ्यायच्या."

उजळायचे ते लालच. बाईंनी बशी टेबलावर ठेवली. काच किणकिणली.

"तेव्हा बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला ठाव हाय."

बापूसाहेबांनी दार उघडलं. उजेडात अळ्या पांढुरक्या, मऊ दिसत होत्या. व्हरांड्यात पोरं एका सुरात सूत्रं म्हणत होती.

"मनाला लावून घेऊ नका. खोली जाईल, तुम्ही थोड्याच जाताय." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "चाचणीची यादी आहे, ज्यानं आधी सोडवलं तो वर. भराभर सोडवणारी चाळीस पोरं या खोलीत बसवायची. बाकीची घरी. निवड तुम्हीच करा, तुमचा हात बसलाय."

जलीलनं बशी उचलली आणि धुवायला नेऊ का, असं नुसतं बघून विचारलं. बाईंनी मान हलवली नाही.

त्यांनी चष्मा पुसला, कागद गुडघ्यावर उलगडला, आणि शेवटच्या नावापासून वाचायला सुरुवात केली.