कारण नसलेलं बोलावणं

बिरुदेवने खांद्यावरचं घोंगडं दाराबाहेर ठेवलं, काठी भिंतीला टेकवली आणि मगच आत पाऊल टाकलं.

"निरोप सांगत्यात ते रेडिओ हितंच हाय का?"

पूनम खुर्चीतून उठलीच. अशाच एका माणसाची ती महिनाभर वाट पाहत होती. शुक्रवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानावरचं हे एवढंसं रेडिओ केंद्र रडतखडत चाललं होतं, आणि मालक युवराजने शेवटी ठरवून टाकलं होतं: दिवसभर गाणी, तीही कॉम्प्युटरवरून आपोआप. 'रानातला निरोप' हा पूनमचा कार्यक्रम तेवढा उरला होता. मेंढरं घेऊन मुलूखभर फिरणाऱ्यांना घरची माणसं त्यातून आपल्या आवाजात निरोप धाडत. ज्याच्या त्याच्या हाती मोबाईल आले आणि निरोप आटले. पूनमने फारच गळ घातली तेव्हा युवराज म्हणाला होता, "जुनी रेकॉर्डिंग लाव महिनाभर. ऐकून एक जरी माणूस इथवर आला, तर ठेवतो."

तो माणूस आता समोर उभा होता. तिला हसू आवरेना.

"बसा ना. कुठून आलात?"

"वैरागकडनं. मेंढरं तिकडं हायती. गाव मंद्रूप. सारजाबाईचा ल्योक मी, बिरुदेव." तो बसला नाही. "परवा सकाळी आई बोलली न्हवं रेडिओत?"

ते रेकॉर्डिंग तिनेच निवडलं होतं. म्हातारीचा खणखणीत आवाज तिला फार आवडायचा. बिरुदेवा, मेंढरं कुणाच्या तरी हवाली कर आन घरी ये. एवढंच. रेडिओवर कुणी मरणाचं नाव काढत नसे. बोलावण्याला कारण नसलं की घरात माणूस गेलं, हे रानोमाळ सगळे समजून घेत. पूनमलाही हे ठाऊक होतं. पण ते बोलावणं कधीचंच जुनं, त्याचं काय एवढं, असं म्हणून तिने ते लावलं. निरोपात तारीख कुणीच सांगत नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

"ते जुनं होतं," ती म्हणाली. "तुमचे वडील गेले तेव्हाचं."

"व्हय. घरी गेल्यावर कळलं. आई चुलीम्होरं भाकरी थापत होती." त्याने डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. "मी वाटंनं बायकूच गेली आसं धरून चाललो हुतो. तिचे दिवस भरत आल्यात. फोन लागंना."

"आणि मेंढरं?"

"हवाली करायला कोण न्हवतं. औंदा एकटाच हाय. कोवळ्या ज्वारीत शिरली. कोवळी ज्वारी इखारी. माघारी गेलो तर निम्मी फुगून मेलेली. कुत्रं तेवढं बसलं हुतं राखत."

"चुकलं माझं, दादा."

"त्यासाठी न्हाय आलो." तो पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघत होता. "आईचा आवाज तेवढा पुसून टाका. तिला आता लई दम लागतो. कवातरी ती खरंच बोलवंल. तवा जुनंच आसंल म्हनून मी मेंढरांकडं बघत बसंन की."

पूनमने त्याच्यादेखत सारजाबाईचा आवाज पुसला. तो मान हलवून निघाला आणि जिन्यात त्याला युवराज भेटला. मुंडासं, काठी, घोंगडं पाहून युवराजला काय समजायचं ते समजलं. त्याने बिरुदेवला थांबवून त्याच्याबरोबर फोटोही काढून घेतला.

"जिंकलीस तू," वर येत तो म्हणाला. "आता हा फोटो दाखवला की जाहिरात मिळते का नाही बघ. कार्यक्रम ठेवला. उद्या काय लावतेस?"

पूनम पाठमोरीच होती. पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये कुणी बाई नवऱ्याला बोलावत होती, कारण न सांगता. तिने ते पुसलं. त्याच्या पुढचं मुलगी झाल्याचं होतं. पलीकडे बाळ रडत होतं, बाया हसत होत्या. ती मुलगी आता शाळेत जात असेल. पूनम तिथे जरा वेळ थांबली, मग तेही तिने पुसलं.

"पूनम, उद्या काय आहे?"

"गाणी," ती म्हणाली आणि पुढचं उघडलं.